विद्यापीठाची संगीतसभामाला आणि शिष्यवृत्ती : तिकिटांच्या पैशांवर हे चालते का?

खर्ज

नमस्कार.

मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या संगीत व नाट्य विभागात शिकवतो. आमच्याकडे येणारी बरीच मुले भजनी मंडळात, कीर्तनात, जत्रेतल्या बँडमध्ये किंवा गावच्या नाटकात तयार झालेली असतात. विभागाचे शुल्क त्यांना कसेबसे परवडते. परवडत नाही ती खोली, मेस आणि वाद्याची देखभाल. तबल्याची पुडी फाटली की नवी चढवेपर्यंत रियाज बंद पडतो, आणि कथकच्या मुलींना परीक्षेच्या पोशाखाचा खर्च वेगळाच असतो. आळंदीला पखवाज शिकून आलेला आमचा एक विद्यार्थी मेसचे पैसे थकले तेव्हा हसत मला म्हणाला, "सर, पिठाची कणीक भिजवून पखवाजाला लावावी की पोळी लाटावी, एवढाच प्रश्न आहे." तो हसला, पण मला काही हसता आले नाही.

यातूनच गेल्या वर्षी आम्ही एक संगीतसभामाला सुरू केली. चार सभा, प्रत्येक सभेत पूर्वार्धात विद्यार्थी आणि उत्तरार्धात एक नामवंत कलावंत, तिकीट २०० रुपये, आणि शिल्लक राहील ती रक्कम गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती म्हणून, अशी योजना होती. सभागृह ३५० आसनांचे आहे. वर्षअखेर सगळा खर्च वजा जाता ४६,००० रुपये उरले आणि पाच विद्यार्थ्यांना प्रत्येकी ९,२०० रुपये देता आले. त्या आनंदात आम्ही यंदा सहा सभा आणि आठ शिष्यवृत्त्या जाहीर करून बसलो. पहिल्या सभेच्या दोन दिवस आधी मुख्य गायकांचा घसा बसला, दुसऱ्या सभेला संध्याकाळी चारपासून धो धो पाऊस लागला, आणि दोन सभांनंतर आम्ही चक्क सात हजारांनी तोट्यात आहोत. आठही मुलांना पत्रे मात्र देऊन झाली आहेत.

माझा प्रश्न असा आहे की, ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत किंवा जवळून पाहिले आहेत, त्यांच्या मते सभेच्या उत्पन्नातून शिष्यवृत्ती देणे ही कल्पनाच चुकीची आहे, की आमची मांडणी चुकली? तिकीट वाढवावे का, कंपन्यांकडे जावे का, आणि लोकांना येण्यासाठी कार्यक्रम थोडे "हलके" करावेत असा जो सल्ला आम्हाला रोज मिळतो, तो कितपत मानावा?

---

हिशेबनीस

खर्ज सर, मी लेखापाल आहे आणि दोन-तीन सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे हिशेब पाहतो, त्यामुळे सुरांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, आकड्यांविषयी बोलतो.

आपली कल्पना चुकीची नाही, परंतु आपण अनिश्चित उत्पन्नावर निश्चित देणे बांधले, ही मांडणीतील मुख्य चूक आहे. सभागृह भरले तरी ३५० गुणिले २०० म्हणजे ७०,००० रुपये, आणि त्यातून कलावंताची बिदागी, साथीदारांचे मानधन, प्रवास, ध्वनिव्यवस्था, छपाई व चहापान जाणार. सन्मानिका किती वाटता, हे आपण लिहिलेले नाही. माझा अनुभव असा की पुढच्या चार रांगा त्यातच जातात. पाऊस पडो वा घसा बसो, ज्या मुलाला पत्र दिले आहे त्याचे पैसे त्या संध्याकाळच्या गल्ल्यावर अवलंबून असताच कामा नयेत.

याला उपाय जुनाच आहे : कायमनिधी. सभांतून व देणग्यांतून येणारी रक्कम मुदत ठेवीत ठेवायची आणि केवळ व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची. एका विद्यार्थ्याला दरमहा २,००० रुपये दहा महिने द्यायचे तर वर्षाला २०,००० रुपये लागतात. व्याजाचा दर ७ टक्के धरला तर २ लाख ८६ हजारांच्या ठेवीत हे भागते, असे कागदावर दिसते. पण तसे केल्यास ते २०,००० पुढची वीस वर्षे २०,००० च राहतात आणि मेसचे दर मात्र थांबत नाहीत. म्हणून एका शिष्यवृत्तीमागे ४ लाख धरावेत. त्यावर २८,००० व्याज येईल, त्यातले २०,००० द्यावेत आणि ८,००० मुद्दलात परत घालावेत. हे न केल्यामुळे काय होते ते पाहायचे असेल तर कोणत्याही जुन्या विद्यापीठातील पारितोषिकांची यादी काढून पाहावी : पन्नास वर्षांपूर्वी कोणी आईच्या नावाने पाच हजार ठेवले, तेव्हा त्याच्या व्याजात पदक येत असे, आज त्या व्याजात पदकाची डबीही येत नाही.

आता तिकिटाविषयी. संगीत सभेच्या प्रवेशाचे शुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे २०० चे ३०० किंवा ४०० केले तरी आपण त्या मर्यादेत राहता. शास्त्रीय वा लोककलेच्या सादरीकरणासाठी कलावंताने घेतलेले मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यालाही सूट आहे. सगळ्या सभांचे मिळून एकच तिकीट काढणार असाल, तर ५०० ची मर्यादा त्याला कशी लागू होईल हे लेखापरीक्षकांकडून आधी लेखी घ्यावे. नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिकीट आणि देणगी यांची पावती मात्र कधीही एक करू नये. तिकीट घेणाऱ्याला त्याबदल्यात कार्यक्रम मिळतो, त्यामुळे त्या रकमेवर प्राप्तिकरातील देणगीची वजावट मागता येत नाही. देणगीवर ती मिळते, पण विद्यापीठाला तशी मान्यता असेल तर, आणि २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख स्वरूपात नसेल तर. "५,००० रुपयांची देणगी द्या आणि पहिल्या रांगेत बसा" अशी जाहिरात पुष्कळ संस्था करतात. ती देणगी आहे की महागडे तिकीट, हा प्रश्न कोणीतरी एक दिवस विचारतोच.

कंपन्यांविषयी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा खर्च करावा लागतो, त्यांच्यासाठीच्या परिशिष्टात शिक्षणही आहे आणि कला-संस्कृतीही आहे, म्हणून त्यांच्याकडे जाण्यात काही गैर नाही. परंतु २०२१ च्या सुधारणेनंतर एखाद्या संस्थेच्या कायमनिधीत दिलेली रक्कम त्यांना हा खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्वही त्यात बसत नाही. याचा अर्थ आपल्यासाठी असा की, कंपनीचा पैसा चालू वर्षाच्या शिष्यवृत्त्यांना थेट वापरावा, आणि रसिकांचा पैसा ठेवीत टाकावा. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे करायला जातात आणि कंपनीच्या दारातून परत येतात.

---

नांदी

हिशेबनीस यांनी जे आकड्यांत सांगितले ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाने भोगून दाखवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली ते मुंबईत आले. त्यांच्या उपदेशक वर्गातील मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण सारे विनामूल्य असे; मोबदला म्हणून मुलांनी नऊ वर्षे शिकण्याचा करार करायचा. आजच्या भाषेत ही संपूर्ण शिष्यवृत्तीच होती. तिला संस्थानिकांचा कायमचा आश्रय नव्हता. पैसा येई तो मुख्यतः बुवांच्या जलशांतून. बुवा गावोगाव गात, मिळकत संस्थेत ओतत. पुढे मुंबईत स्वतःची इमारत उभी करताना कर्ज झाले, बुवांचे मन हळूहळू रामनामाकडे वळले, जलसे कमी झाले, आणि विसाच्या दशकात ती इमारत कर्ज देणाऱ्यांच्या हाती गेली. त्या वर्गातून विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी माणसे निघाली, त्यामुळे उपक्रम फसला असे कोणी म्हणणार नाही. पण एका गळ्याच्या कमाईवर उभी असलेली संस्था त्या गळ्याबरोबरच थकते, हे त्यात स्पष्ट दिसते. आपल्या पहिल्या सभेचा घसा बसला आणि आठ मुलांची मेस अडचणीत आली, हे त्याचेच लहान रूप आहे, सर.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त "मानापमान"चा प्रयोग. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले, आणि लोकांनी एरवी कल्पनाही करवली नसती अशा दराने तिकिटे घेतली. असा प्रयोग एकदा होतो. त्याचा पैसा एकरकमी येतो आणि तो एकरकमीच ठेवावा. आपल्या मालेतही वर्षात एखादी सभा अशी असावी, जिचे उत्पन्न पूर्णपणे ठेवीत जाईल. बाकीच्या पाच सभांनी आपला खर्च भागवला तरी पुरे.

"हलके करा" या सल्ल्याबद्दल माझे मत तिखट आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्यात होतो आहे आणि तिथे लोक भारतीय बैठकीत मांडी घालून तासन्‌तास ख्याल ऐकतात. त्यांच्यासाठी कोणी राग सोपा करून ठेवलेला नाही. तिथले सीझन तिकीट मात्र शिकण्यासारखे आहे : माणूस एकदा पैसे भरून मोकळा झाला की पाऊस आला तरी छत्री घेऊन येतो, आणि नाही आला तरी आपले पैसे आलेले असतात. आपण मालेचे तिकीट मालेसारखे विकत नाही, सुटे सुटे विकतो, म्हणून पाऊस आपल्याला छळतो.

नाट्यपदांची सभा करणार असाल तर एक सावधगिरी. शिक्षणसंस्थेतील सादरीकरणाला स्वामित्वहक्काच्या कायद्यात जी सवलत आहे, ती श्रोते शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढ्यांपुरतेच असतील तर आहे. तिकीट लावून गावाला बोलावले की ती संपते, मग पैसा कितीही सत्कार्याला जावो. जुन्या पदांना अडचण नाही : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली की हक्क संपतो, त्यामुळे किर्लोस्कर आणि देवल तर मोकळेच आहेत, आणि "मानापमान"चे शब्दकर्ते खाडिलकर १९४८ साली, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली गेल्यामुळे तेही आता मोकळे आहे. "कट्यार काळजात घुसली"तले पद घ्यायचे झाले तर मात्र परवानगी लागेल. लेखक दारव्हेकर १९९९ साली आणि संगीतकार अभिषेकीबुवा १९९८ साली गेले. विद्यार्थ्यांना नेमके तेच गायचे असते, हे मला माहीत आहे.

---

ओहायोकर

मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे इथल्या एका जुन्या उदाहरणाची भर घालतो. प्रश्नाची एक बाजू अजून चर्चेत आलेली नाही, ती त्यातून दिसेल.

नॅशव्हिल येथे १८६६ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी फिस्क ही शाळा निघाली, जी पुढे विद्यापीठ झाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा तिचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी बरोबर घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर प्रस्थान ठेवले. हे जुबिली सिंगर्स. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची भक्तिगीते त्यांनी मैफलीत आणली, पुढे ते इंग्लंडच्या राणीसमोर गायले, आणि त्या पैशांतून शाळा वाचली व जुबिली हॉल उभा राहिला. ६ ऑक्टोबर हा दिवस तिथे आजही साजरा होतो. परंतु सततच्या प्रवासाने त्या मुलांच्या प्रकृती ढासळल्या, आणि १८७८ साली तो मूळ संच विसर्जित करावा लागला. वर्ग सोडून ती मुले वर्षानुवर्षे गात फिरत होती, आणि ती फिरत होती शिक्षणाच्या नावाने.

म्हणून मी विचारतो की, आपल्या सहा सभांत विद्यार्थ्यांवर किती ओझे पडते? पूर्वार्धात तेच गाणार, सतरंज्या तेच घालणार, दारात तिकिटे तेच फाडणार, आणि शिष्यवृत्ती मिळणारे आठ सोडून बाकीच्यांच्या हाती काय? इथल्या विद्यापीठांत विद्यार्थ्याने सभागृहात काम केले तर त्याला तासांवर पैसे मिळतात आणि तो खर्च कार्यक्रमाचा समजतात. आपल्याकडे त्याला "अनुभव" म्हणतात. तसेच हिशेबनीस म्हणतात तो व्याजाचा नियम इथेही आहे. मोठ्या निधीतूनसुद्धा वर्षाला साधारण चार-पाच टक्क्यांच्या वर काढत नाहीत.

---

माजी_विद्यार्थिनी

मी अशाच एका शिष्यवृत्तीवर नृत्य शिकले आहे, संस्थेचे नाव घेत नाही. माझ्या बाबतीत जे खटकले तेवढेच लिहिते.

शिष्यवृत्ती मार्चमध्ये, शेवटच्या सभेत, रंगमंचावर देत असत. गरज मला जुलैत होती. त्या आठ महिन्यांत खोलीचे भाडे मी मैत्रिणींकडून उसने घेऊन भरले, आणि मार्चमध्ये हातात आलेले पैसे त्याच संध्याकाळी चार जणींना वाटून टाकले. त्यावर कळस म्हणजे तो धनादेश पुठ्ठ्याचा, टेबलाएवढा, माझे नाव आणि रक्कम ठळक अक्षरांत लिहिलेली, आणि तो दोन्ही हातांनी धरून छायाचित्रासाठी उभे राहायचे. माझ्या पायात अजून घुंगरू होते, कारण मी नुकतीच नाचून विंगेत आले होते. निवेदक म्हणाले, "अत्यंत गरीब कुटुंबातून आलेली ही मुलगी". माझे वडील दुसऱ्या रांगेत सन्मानिकेवर बसले होते. त्यांनी त्यानंतर माझा एकही कार्यक्रम तिथे पाहिला नाही.

खर्ज सर, आपण सभेत विद्यार्थ्याला जरूर सादर करा, पण कलावंत म्हणून. कोणाला शिष्यवृत्ती आहे हे श्रोत्यांना कळण्याची काही आवश्यकता नाही. देणगीदाराला कळवायचे असेल तर वर्षअखेर पत्राने हिशेब पाठवावा.

आणखी एक. मुलांना केंद्राच्या योजनांचे अर्ज भरायला विभागाने बसवावे. सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. आमच्या वर्गात ती कोणाला माहीतच नव्हती. आपल्या आठांपैकी दोघांना जरी ती मिळाली, तरी आपला निधी दोघांनी मोकळा होतो.

---

खर्ज

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस हे सगळे विभागप्रमुखांसह वाचत होतो आणि काल बैठक झाली.

हिशेबनीस, आपला अंदाज खरा निघाला. पहिल्या सभेच्या सन्मानिका मोजल्या तर ११० भरल्या; म्हणजे सभागृहाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आम्ही फुकट वाटला होता, आणि त्यातले निम्मे लोक आलेही नव्हते. आता सन्मानिका २० च, आणि त्याही कलावंत व साथीदार यांच्यासाठी. विभागातल्या आम्हा शिक्षकांपासून सगळ्यांनी तिकीट काढायचे ठरले आहे. या ठरावावर बैठकीत जेवढी चर्चा झाली तेवढी शिष्यवृत्तीच्या रकमेवरही झाली नाही.

यंदाच्या आठ मुलांचे पैसे थांबवायचे नाहीत. एका स्थानिक उद्योगाशी बोलणे सुरू आहे आणि त्यांना चालू वर्षाच्या शिष्यवृत्त्यांसाठीच रक्कम मागितली आहे, ठेवीसाठी नाही. त्यांच्या अधिकाऱ्याने "हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, बरे झाले" असे म्हटले. ती येईपर्यंत आम्ही शिक्षकांनी मिळून पहिला हप्ता भरला आहे आणि तो थेट खात्यात गेला. उरलेल्या चार सभांचे एकत्रित तिकीट काढतो आहोत. डिसेंबरची सभा विभागाच्या माजी विद्यार्थ्यांची, बिदागी न घेता, तिचे उत्पन्न पूर्णपणे ठेवीत जाईल. नवा निधी स्थापायला व्यवस्थापन परिषदेची मान्यता लागेल, तो प्रस्ताव वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे दिला आहे.

माजी_विद्यार्थिनी, आपल्या लिखाणानंतर बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. गेल्या वर्षी आम्हीही पाचही जणांना मंचावर बोलावले होते. पुठ्ठ्याचा धनादेश नव्हता, पण शाल होती. यापुढे नाही.

ओहायोकर, सतरंज्या आणि दरवाजा यांसाठी दर सभेला चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी ३०० रुपये कार्यक्रमाच्या खर्चातून देणार आहोत. ही रक्कम फार लहान आहे, याची जाणीव आहे.

एक शंका राहिली आहे. पूर्वार्धात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मानधन द्यावे की त्या वेळेचा उपयोग त्यांच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी करावा, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत.

---

नांदी

मानधन द्या. मूल्यमापन बंद खोलीत करा. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यासमोर विद्यार्थी परीक्षेसाठी गातो आहे असे कळले, तर श्रोताही परीक्षकासारखा ऐकू लागतो आणि त्यात दोघांचेही नुकसान आहे. पाचशे रुपये पाकिटात घालून द्या, पण द्या; आणि तबलजीला गायकापेक्षा कमी देऊ नका.

---

हिशेबनीस

पाकीट नको, खात्यात द्या. आणि शिक्षकांनी भरलेला पहिला हप्ता उसना आहे की देणगी, हे आजच कागदावर लिहून ठेवा.